कुबड नसलेली रेघ

वायसन नाखुम्वाला रेघेवरचं कुबड बघवत नसे.

आता तुम्ही म्हणाल, रेघेला कसलं आलंय कुबड? तर ऐका. मुलांजेच्या डोंगरावरून आमच्या गावांना पाणी येतं ते नळातून, नुसत्या उतारावर. पंप नाही, वीज नाही. वरून एक मोठा नळ उतरतो, त्याला फाटे फुटतात, आणि प्रत्येक गावाला आपापला फाटा मिळतो. तो फाटा त्या गावानेच घाम गाळून, चर खणून जमिनीत पुरलेला असतो, म्हणून त्याच्यावर आईच्या शेतासारखा जीव. हे सगळं कागदावर उतरवलं की रेघांचं जाळं होतं. त्यात दोन रेघा एकमेकींना ओलांडतात तिथे खरी गोम असते. खाली जमिनीत हे दोन नळ जोडलेत, की एक दुसऱ्याच्या खालून गुपचूप निघून गेलाय? जोडलेले असले तर जुने लोक तिथे ठळक काळा ठिपका द्यायचे. नुसते ओलांडत असले तर एका रेघेला छोटी कमान काढायचे, दुसरीवरून उडी मारल्यासारखी. त्या कमानीला वायसन कुबड म्हणायचा, आणि ठिपक्याला माशीची घाण.

तो जिल्ह्याच्या पाणी कचेरीत नकाशे काढायचा. मिशनच्या शाळेत त्याच्या गुरुजींनी एकदा त्याची वही साऱ्या वर्गाला दाखवून म्हटलं होतं, "बघा रे, रेघ असावी तर अशी, स्वच्छ." झालं! तो शब्द त्याच्या डोक्यात जो बसला तो कायमचा. सदरा कडक इस्त्रीचा, पेन्सिल सुईसारखी, आणि नकाशात एक रेघ वाकडी दिसली तर गडी अख्खा कागद फेकून नवा घ्यायचा. हात खरंच सोन्याचा होता, ते मी नाकारत नाही. फक्त त्या हाताच्या प्रेमात तो स्वतःच पडला होता.

लग्न होऊन तो आमच्या मितावा गावी आला. आमच्याकडे नवराच बायकोच्या गावी येऊन राहतो, त्यामुळे घरजावई ही शिवी नाही. मात्र घरजावयाला पथ्यं फार. सासूशी थेट बोलायचं नाही. वाटेत सासू दिसली की वाट सोडून गवतात उभं राहायचं, मान खाली. गावाच्या बैठकीत तोंड उघडायचं नाही. काही सांगायचं असेल तर बायकोच्या मामाच्या तोंडून. वायसन हे सगळं निगुतीने पाळायचा. त्याची बायको एनेलेस, तिचा मामा बियास्टन आणि सासू डोरिका. डोरिका म्हणजे मितावाच्या नळाची प्रमुख. तोटीभोवतीचा चौथरा रोज सकाळी खराट्याने झाडून घेणारी, रांगेत घुसणाऱ्या बाईला हाताला धरून मागे नेणारी. तिला सगळे मायी डोरिका म्हणायचे, तिच्याहून मोठ्या बायकासुद्धा.

मग जुनी फळी गंजली. पंचक्रोशीचा निवाडा होतो त्या मैदानात, उंबराच्या जातीच्या मोठ्या झाडाखाली, आमच्या नळांचा नकाशा रंगवलेली पत्र्याची फळी असायची. नवी रंगवायचं काम कचेरीने वायसनला दिलं. सासुरवाडीची फळी! मग काय विचारता. पांढऱ्या पत्र्यावर त्याने निळ्या रेघा अशा ओढल्या की दोऱ्याने मापून घ्या. तोट्यांना लाल चौकोन. आणि जुन्या फळीवरची सगळी कुबडं आणि सगळे ठिपके त्याने काढून टाकले.

साहेबाने विचारलंसुद्धा होतं, "नाखुम्वा, इथे रेघा छेदतायत. जोड आहे की नाही हे कळायचं कसं?"

"ज्याला कळायचं त्याला कळतं साहेब," वायसन म्हणाला. "उगाच गुठळ्या कशाला?"

साहेबाला फळी आवडली होती. त्याने मान हलवली आणि सही केली.

फळी उभी राहिली त्या दिवशी बायकांनी आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या, पहिली डोरिकाने. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण तेव्हापासून बाजाराला जाता येता ती फळीपाशी थांबायची आणि कमरेच्या कापडाच्या पदराने धूळ पुसायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "आमच्या जावयाचा हात आहे."

पुढच्या थंडीत शेजारच्या नाचोमा गावाचं पाणी आटलं. आमच्या तोटीला धार, त्यांच्या तोटीला थेंब थेंब. तिथला नळप्रमुख फ्रॅक्सन, जिभेला हाड नसलेला माणूस. तो एके दिवशी फळीसमोर उभा राहिला, डोकं खाजवलं आणि एकदम ओरडला, "अरे, हे बघा! सापडलं!"

निळी रेघ मितावाची, निळी रेघ नाचोमाची. ओढ्यापाशी दोन्ही एकमेकींना छेदत होत्या. तिथे काही नाही, ठिपका नाही, कमान नाही. बघणाऱ्याने काय समजायचं? रेघ रेघेला भिडली म्हणजे नळ नळाला भिडला. तहानलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

निवाडा बसला. पंचक्रोशीची प्रमुख नासोलो म्हातारी, जिला मानाने सगळे म्फुमू म्हणत, तिच्या लाकडी खुर्चीत, समोर दोन्ही गावं जमिनीवर. फ्रॅक्सन काठीने फळीवर टकटक करत होता.

"म्फुमू, मी काही बोलत नाही. फळीच बोलतेय. आमच्या नळातून हे पाणी पितायत. रात्री खणून जोडलं असणार. मायी डोरिका, तुमच्या चौथऱ्यावर एवढं पाणी सांडतं की बदकं पोहतात, आणि आमच्या पोरांना तोंड धुवायला नाही!"

"आम्ही काही जोडलेलं नाही," डोरिका म्हणाली.

"मग फळी खोटी?"

डोरिकाने फळीकडे पाहिलं, मग मान खाली घातली. घरजावयांचा घोळका मैदानाच्या कडेला बसतो, तिकडे तिने नजरही टाकली नाही.

"सांगा की! कचेरीची फळी खोटी? तुमच्याच जावयाने काढलेली फळी खोटी?"

"माझा जावई खोटं काढत नाही," ती म्हणाली.

"ऐकलंत? स्वतःच्या तोंडाने कबूल!" फ्रॅक्सनने हात झटकले आणि नाचोमाची माणसं फसकन हसली.

आणि हा आमचा वायसन? त्या कडेला बसून होता. ओढ्यापाशी नळ खालून जातो, जोड नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. तिथलं कुबड त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं! एक वाक्य बोलायचा अवकाश होता. बियास्टन मामाने वळून त्याच्याकडे पाहिलं, भुवई उंचावली, म्हणजे काही सांगायचं असेल तर सांग, मी बोलतो. वायसनने मान हलवून नाही म्हटलं. घरजावयाने बैठकीत बोलू नये हा नियम त्याला त्या दिवशी फार बरा वाटला.

निवाडा झाला: डोरिकाने एक बकरी द्यायची आणि नळाचं काम सोडायचं. तिने दोन्ही हात वाटीसारखे जुळवून नासोलोसमोर मानाची टाळी वाजवली, रीतीप्रमाणे, आणि उठून गेली.

घरी एनेलेसने चुलीवर मक्याच्या पिठाची न्सिमा ढवळता ढवळता विचारलं, "खरं आहे का ते? आईने चोरून जोड दिलाय?"

"मला काय माहीत," वायसन म्हणाला.

"तू काढलास ना नकाशा?"

"मी कागदावरचं काढतो. जमिनीखालचं मी कसं सांगू?"

मग न्सिमा आणि सुक्या मासळीचं कालवण त्याच्यासमोर ठेवून ती स्वतः न जेवता आईच्या झोपडीकडे गेली. वायसनने ताट बाजूला सारलं. लाज वाटत होती, हो, पण त्याहून मोठी भीती होती. कचेरीत कळलं तर? साहेब म्हणेल, विचारलं होतं ना तुला? ज्या हाताची सगळे वाहवा करतात त्या हाताने सासूला चोर ठरवलं, हे लोकांना कळलं तर? त्याने मनाची समजूत घातली की बकरी काय, आपण नवी घेऊन देऊ, आणि नळाचं काम काय, म्हातारीला तेवढाच आराम. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला कुणाची मदत लागत नाही.

पण चार दिवसांत गावाचं बोलणं त्याच्या कानी यायला लागलं. तोटीवर मितावाच्याच बायका डोरिका आली की गप्प व्हायच्या. कुणी तिला मायी म्हणेना. तेव्हा त्याने ठरवलं की कुणाला न सांगता फळी दुरुस्त करायची. कुबड परत काढायचं, की आपोआप सगळ्यांना दिसेल, आणि आपल्याला काही बोलावं लागणार नाही.

रविवारी दोन्ही गावं चर्चमध्ये गेली तेव्हा हा पोटदुखीचं निमित्त करून मागे राहिला आणि निळा संपला म्हणून काळा रंग घेऊन मैदानात गेला. फळीवरच्या त्या ओढ्यापाशी त्याने एक छोटी, नेटकी कमान काढली. छानच काढली. आणि तेवढ्यात चिपेरोनी सुरू झाली. चिपेरोनी म्हणजे आमच्याकडची थंडीतली बारीक झिमझिम, धड पाऊस नाही, धड धुकं नाही, आणि छत्रीलाही न जुमानणारी. ओला रंग ओघळला, कमानीच्या पोटात साचला. वायसनने बोटाने पुसायला पाहिलं तर आणखी पसरला. चर्चमधून गाणी थांबल्याचं ऐकू आलं आणि हा रंगाचा डबा सदऱ्याखाली लपवून पळाला.

कमानीचा झाला ठिपका. चांगला ठळक, गोल, काळा ठिपका. जुन्या फळीमुळे काळा ठिपका म्हणजे जोड, हे आमच्या शेळ्यांनाही पाठ होतं. करायला गेला काय आणि झालं काय!

"चमत्कार!" सोमवारी फ्रॅक्सन फळीसमोर नाचतच होता. "काल सगळे चर्चमध्ये. मितावाचे चर्चमध्ये, आम्ही चर्चमध्ये. मग ठिपका कुणी ठेवला? देवाने! रविवारच्या दिवशी देवाने बोट ठेवून दाखवलं, इथे जोडलंय!"

नासोलो म्हातारी देवाचं नाव निघालं की वाद घालत नसे. तिने मितावाच्या नळाची चावी बंद करायला लावली, नाचोमाचं पाणी परत येईपर्यंत. आमच्या बायका बादल्या घेऊन ओढ्यावर जाऊ लागल्या, आणि जाता येता डोरिकाच्या झोपडीसमोर मुद्दाम मोठ्याने बोलू लागल्या. "पाणी चोरायचं एकीने आणि वाहायचं आम्ही."

एका संध्याकाळी वायसन कचेरीतून सायकलवर येत होता. ओढ्याच्या चढावर समोरून डोरिका आली, डोक्यावर भरलेली बादली. तो रीतीप्रमाणे उतरला, सायकल गवतात ओढली आणि मान खाली घालून उभा राहिला, ती जाईपर्यंत. पण ती जाईना. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तीही वाट सोडून पलीकडच्या ओल्या गवतात उतरून उभी होती, मान खाली, पावलं चिखलात. चोर ठरलेल्या माणसाने समोरच्याला वाट द्यायची, अशीही आमच्याकडे रीत आहे. सगळ्यांना देत होती तशी ती त्यालाही वाट देत होती. मधली वाट रिकामी. कोण आधी जाणार? बादलीतलं पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावर सांडत होतं. तिच्या मानेच्या शिरा त्याला दिसल्या.

लाज म्हणजे काय हे वायसनला तोवर माहीतच नव्हतं असं म्हणा. तो सायकल ढकलत आधी गेला, कारण दुसरं काही सुचलं नाही, आणि वळणापलीकडे जाऊन हमसाहमशी रडला.

दुसऱ्याच दिवशी पाण्याची बैठक होती. फ्रॅक्सनचं बोलणं चालू असतानाच कडेच्या घोळक्यातून वायसन उभा राहिला. सगळ्या माना वळल्या. घरजावई उभा राहिलाय!

"बस खाली," बियास्टन मामा दबक्या आवाजात म्हणाला. "मला सांग, मी बोलतो."

"नको मामा. हे तुमच्या तोंडून गेलं तर तुमचं तोंड विटाळेल."

मग त्याने सांगितलं. ओढ्यापाशी जोड नाही. जुन्या फळीवर तिथे कमान होती, ती मी पुसली. दिसायला बरी दिसेना म्हणून पुसली. साहेबाने विचारलं तेव्हाही ऐकलं नाही. आणि तो काळा ठिपका देवाने ठेवलेला नाही, मी ठेवला, चोरून, कमान काढायला गेलो आणि रंग ओघळला. बोलताना त्याचा आवाज इतका कापत होता की मागच्यांना ऐकू येईना, तर म्हातारी नासोलो म्हणाली, "मोठ्याने. मागच्यांनाही कळू दे." त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने सांगावं लागलं.

फ्रॅक्सन हसला. "वा रे जावई! सासूसाठी काय सुंदर खोटं बोलतोय! आधी फळी खरी होती, आता पाणी बंद झाल्यावर खोटी झाली?"

आणि लोकांना ते पटलं! एवढं कबूल करूनही माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही, यासारखी शिक्षा नाही.

"मग खणा," वायसन म्हणाला. "मीच खणतो."

इस्त्रीचा सदरा घालूनच तो ओढ्याच्या काठी कुदळ घेऊन उतरला. दोन्ही गावं काठावर. कुदळीची सवय नाही, तळहाताची सालं निघाली. शेवटी फ्रॅक्सनलाच राहवेना. "सर बाजूला, अशाने उद्या उजाडेल," म्हणत तो खड्ड्यात उतरला. आधी नाचोमाचा नळ लागला. त्याखाली नुसती माती. आणखी खणलं तेव्हा मितावाचा नळ लागला, आडवा, एकटा, कशालाही न चिकटलेला. फ्रॅक्सन पालथा झोपला आणि दोन नळांच्या मधली माती त्याने हाताने उकरली. त्याचा हात कोपरापर्यंत आरपार गेला. तो तसाच काही वेळ पडून राहिला, हात मधे घालून.

"हात जातो," तो म्हणाला. एवढंच. माणूस वाचाळ होता, लबाड नव्हता. वर येऊन त्याने चिखलाच्या हातांनीच डोरिकासमोर गुडघे टेकून मानाची टाळी वाजवली. पुढे आठवड्याभरात त्यांचा नळ वरच्या बांबूच्या बनात दगड पडून फुटलेला सापडला.

कचेरीत साहेबाने वायसनला काय काय ऐकवलं ते सांगत बसत नाही. फळी त्याने पुन्हा रंगवली, भर बाजाराच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत आणि सगळ्यांचे टोमणे खात. नंतरची सारी वर्षं त्याच्या नकाशांतल्या कमानी इतक्या मोठ्या असायच्या की नवी पोरं हसायची. तो हसू द्यायचा.

पण खणलं त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. वायसन बियास्टन मामाला घेऊन सासूच्या अंगणात गेला. ती उंबऱ्यात बसून सुपात तुरी निवडत होती, पाठ त्याच्याकडे. तो लांब, अंगणाच्या टोकाला गुडघ्यांवर बसला. मामा मधे. त्याने माफी मागितली, मामाने ती तिला सांगितली. ती निवडत राहिली. मग त्याला राहवेना. तो म्हणाला, "मामा, त्यांना विचारा. पहिल्याच दिवशी खणा का नाही म्हणाल्या? दोन घटकांत सुटल्या असत्या."

मामाने विचारलं. सुपातला हात थांबला.

"त्याला सांग दादा," डोरिका म्हणाली, "तो चर मी खणलाय. एनेलेस पाठीवर होती तेव्हा. नळ कुठून जातो ते मला ठाऊक होतं. पण खणा म्हटलं असतं तर साऱ्या गावासमोर जावई खोटा पडला असता. आणि खोटा पडलेला जावई काय करतो? सायकल काढतो आणि आईच्या गावी जातो. माझ्या थोरलीचा असाच गेला. तिची पोरं अजून वाटेकडे बघतात. आई चोर असली तरी पोरीचा संसार चालतो. नवरा गेल्यावर तिने काय करायचं?" तिने सूप जरा बाजूला सरकवलं. "आणि हेही सांग. मी वाट बघत होते. रोज सकाळी वाटायचं, आज बोलेल."

अंगण एवढंसं. वायसनला शब्द न् शब्द ऐकू आला होता. पण रीत म्हणजे रीत. बियास्टन मामा त्याच्याकडे वळला, घसा साफ केला आणि ते सगळं पहिल्यापासून त्याला सांगू लागला, अगदी सावकाश, काही न गाळता. रोज सकाळी वाटायचं, आज बोलेल, इथपर्यंत. वायसन गुडघ्यांवर बसून ते दुसऱ्यांदा ऐकत राहिला.